मोत्याला ‘बस’ कळतं, मग तो बसत का नाही?

समजा, तुमचं घर तेलगावात आहे आणि अंगणात आहे तुमचा कुत्रा मोत्या. ‘बस’ म्हटलं की लगेच बूड टेकतो. एका संध्याकाळी तुम्ही त्याला साखर कारखान्याच्या रस्त्याला नेता. गळीत हंगाम ऐन भरात. उसाच्या ट्रॅक्टरांची, बैलगाड्यांची ही लांब रांग! तुम्ही म्हणता, ‘मोत्या, बस!’ आणि मोत्या तुमच्याकडे बघतसुद्धा नाही.

हट्टी झाला का? मुळीच नाही, पोरांनो! आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, त्याच्या नाकात २० कोटींच्या वर. ताजं शेण, उसाचा रस, मळीचा आंबूस वास, परक्या कुत्र्यांनी चाकांवर सोडलेल्या खुणा... एवढ्या गलक्यात तुमचा आवाज हरवून जातो.

दुसरी गोष्ट मला फार नवलाची वाटते. आपण त्याला एक शब्द शिकवतो, तो मात्र अख्खं चित्र शिकतो: अंगण, तुमचं समोर उभं राहणं, वर उचललेला हात, खिशातला भाकरीचा तुकडा. करून बघा. जमिनीवर आडवे पडा, हात पाठीखाली घ्या आणि ‘बस’ म्हणा. बसायचं सोडून तो तुमचं तोंडच चाटत सुटेल!

आणि आपला शब्द तरी कसा! ‘बीडची बस गेली का?’ ‘बस झालं आता!’ ‘बस की जरा, चहा घे.’ दिवसभर तो मोत्याच्या कानावर पडतो आणि दरवेळी त्याचा मोत्याशी काही संबंध नसतो. मग शब्द बोथट होतो. दहादा ‘बस, बस’ ओरडलं तरी तेच. त्यापेक्षा मोत्यासाठी राखीव शब्द ठेवा, ‘बैठक’ म्हणा हवं तर.

एकदाच म्हणा. नाही ऐकलं तर रागावू नका, मारू तर नकाच. गर्दीपासून लांब न्या, तिथं पुन्हा म्हणा. बसला की लगेच तुकडा आणि मनापासून ‘शाब्बास!’ मनापासून का? हंगेरीतल्या शास्त्रज्ञांनी १३ कुत्र्यांना मेंदूचं चित्र टिपणाऱ्या यंत्रात न हलता पडून राहायला शिकवलं. २०१६ साली त्यांनी सांगितलं, की कौतुकाचा शब्द आणि कौतुकाचा सूर दोन्ही जुळले, तरच कुत्र्याच्या मेंदूतला आनंदाचा भाग जास्त जागा होतो.

आज ओसरीत, उद्या गल्लीत, मग देवळाच्या पारापाशी आणि सगळ्यात शेवटी कारखान्याच्या रस्त्यावर सराव घ्या. पण अंगणातही तो अचानक बसेनासा झाला, तर कदाचित त्याची कंबर दुखत असेल किंवा कान. त्या दिवशी सराव नको, त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या.