आपल्या नावाने पत्र कोण धाडतो? पहारा भाड्याचा ठेवावा की घरचा?

मिरजेत तंबोरा बनविणारे कारागीर असोत, भिवंडीचे कापडवाले असोत किंवा रत्नागिरीहून आखाती देशांत आंबा धाडणारे व्यापारी असोत, आज दूरचा सौदा बहुधा ई-मेलवरच ठरतो. भाव, बयाणा, बिल, बँकेचा खाते क्रमांक, सर्व काही याच मार्गाने जाते. आता समजा, आपल्या दुबईच्या गिऱ्हाइकाला एके दिवशी आपल्याच पत्त्यावरून पत्र गेले की, आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळचे पैसे नव्या खात्यात भरावेत. त्याने विश्वासाने पैसे भरले. माल आपला गेला आणि रक्कम तिसऱ्याच्या खिशात पडली. गिऱ्हाईक म्हणणार, मी तर भरले. आपण म्हणणार, मला मिळाले नाहीत. पैसा तर जातोच, पण वर्षानुवर्षांचा संबंधही तुटतो.

हे घडू शकते, कारण ई-मेल पाठविण्याची मूळ पद्धत १९८२ साली ठरली तेव्हा पाठविणारा खरा की खोटा हे तपासण्याची सोय तिच्यात ठेवलेली नव्हती. पाकिटावर कुणीही कुणाचेही नाव लिहावे, तसाच हा प्रकार.

तीन कुलपे

पुढे यावर तीन उपाय निघाले. पहिला एसपीएफ. आपल्या डोमेनच्या, म्हणजे ई-मेल पत्त्यातील शेवटच्या नावाच्या, नोंदीत आपण लिहून ठेवतो की अमुक सर्व्हरवरूनच आमची पत्रे निघतात. दुसरा डीकेआयएम. यात प्रत्येक पत्रावर एक गुप्त मोहोर उमटते आणि घेणारा ती तपासून पाहतो. तिसरा डीमार्क. २०१२ साली तो पुढे आला. पहिल्या दोन तपासण्यांपैकी एकही आपल्या डोमेनच्या नावाशी जुळली नाही, तर त्या पत्राचे काय करावे, हे डीमार्क घेणाऱ्याला सांगतो. त्याच्या तीन पायऱ्या आहेत. ‘नन’ म्हणजे काही करू नका, फक्त कळवा. ‘क्वारंटाइन’ म्हणजे स्पॅममध्ये टाका. ‘रिजेक्ट’ म्हणजे दारातूनच परत करा.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी आपल्याकडे मोठ्या संख्येने पत्रे पाठविणाऱ्यांना डीमार्क सक्तीचे केले. लहान दुकानदारालाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी असावेच लागते. नाहीतर खरी बिलेही स्पॅममध्ये पडतात.

रोजची खबर

डीमार्कचा मोठा फायदा म्हणजे त्याचे अहवाल. नोंदीत आपण एक पत्ता देतो. मग गूगल, याहू, मायक्रोसॉफ्ट यांच्यासारखे घेणारे बहुतेक रोज त्या पत्त्यावर हिशेब धाडतात. आपल्या नावाने कोणत्या सर्व्हरवरून किती पत्रे आली, त्यातली किती तपासणीत उतरली आणि त्यांचे काय केले, असा हा हिशेब असतो. पत्रातला मजकूर त्यात नसतो, त्यामुळे त्या बाबतीत काळजीचे कारण नाही.

अडचण इतकीच की हा अहवाल एक्सएमएल नावाच्या सांकेतिक भाषेत, दाबून बांधलेल्या फाइलमध्ये येतो. माणसाने वाचावा असा तो नसतो. तो उलगडून दाखविणारे साधन लागते, आणि इथेच भाड्याचे घ्यावे की घरचे ठेवावे हा प्रश्न उभा राहतो.

भाड्याचा पहारेकरी

डीमार्शियन, व्हॅलीमेल, ईझीडीमार्क अशा कंपन्या हे काम करतात. अहवाल थेट त्यांच्याकडे जातात आणि आपण त्यांच्या पानावर तक्ते पाहतो. कोणता सर्व्हर कोणाचा हे त्या नावानिशी दाखवितात, हा त्यांचा खरा उपयोग. नुसत्या आकड्यांच्या पत्त्यावरून ते ओळखणे नवख्याला कठीण जाते. सुरुवात अर्ध्या तासात होते. पोस्टमार्कसारख्या काही ठिकाणी आठवड्याचा गोषवारा विनामूल्य मिळतो. एका दुकानाला तेवढा पुष्कळ होतो.

उणिवाही आहेत. भाडे बहुधा डॉलरमध्ये असते आणि पत्रांच्या किंवा डोमेनच्या संख्येप्रमाणे वाढते. विनामूल्य योजनेत जुना हिशेब थोडेच दिवस राहतो. कंपनीने दर वाढविले किंवा ती सेवा बंद झाली, तर मागची नोंद हातून जाऊ शकते.

घरचा पहारेकरी

दुसरा मार्ग म्हणजे मोफत मिळणारे, उघड्या परवान्याचे साधन आपल्या यंत्रावर चालविणे. यात पार्सडीमार्क हे नाव प्रसिद्ध आहे. ते आपल्या पेटीतले अहवाल उचलते, उलगडते आणि साठविते. त्याला इलॅस्टिकसर्च आणि किबाना किंवा ग्राफाना जोडले की रंगीत तक्तेही दिसतात. हिशेब आपल्याच घरात राहतो. डोमेन एक असो वा पन्नास, भाडे वाढत नाही.

पण मोफत म्हणजे फुकट नव्हे. इलॅस्टिकसर्च हे खादाड काम आहे, त्याला काही जीबी मेमरीचा सर्व्हर लागतो. वेळोवेळी नवी आवृत्ती चढवावी लागते, बॅकअप ठेवावा लागतो. पासवर्डशिवाय इंटरनेटवर उघडे सोडलेले असे सर्व्हर चोरांनी लुटल्याचे प्रकार जगभर घडलेले आहेत. आणि ज्या मुलाने हे बसवून दिले तो नोकरीला बाहेरगावी गेला, तर पहारा कधी बंद पडला हेही कळत नाही.

मधली वाट

थोडे हिशेबी डोके असलेल्यांसाठी एक मधली वाट आहे. पार्सडीमार्कला तक्त्यांची साधने जोडलीच पाहिजेत असे नाही. साध्या संगणकावर आठवड्यातून एकदा चालविले तरी ते अहवालांची यादी एक्सेलमध्ये उघडेल अशा फाइलमध्ये काढून देते. सर्व्हर नको, भाडे नको. रोजकीर्द तपासावी तशी ती यादी तपासावी.

आणखी एक सोय पुष्कळांना ठाऊक नसते. डीमार्कच्या नोंदीत अहवालासाठी स्वल्पविराम देऊन दोन पत्ते लिहिता येतात. एक कंपनीचा द्यावा, एक आपल्या स्वतःच्या पेटीचा. मग कंपनी बदलली तरी मूळ हिशेब आपल्याकडे राहतो. या कामासाठी वेगळी पेटी काढावी, नाहीतर गिऱ्हाइकांची पत्रे अहवालांच्या ढिगात बुडतील. आपली दोन डोमेने असून दोन्हींचे अहवाल एकाच ठिकाणी मागवायचे असतील, तर घेणाऱ्या डोमेनच्या नोंदीत तशी परवानगी लिहावी लागते. ती राहिली तर त्या अहवालांची वाट पाहत बसावे लागते.

मग कोणी काय घ्यावे?

एक डोमेन, दोन-चार माणसे आणि संगणकाचा जाणकार घरात नाही, अशा कारागिराने विनामूल्य गोषवारा घ्यावा. माल बाहेर देशी जातो आणि पत्रे बऱ्याच वाटांनी निघतात, अशा पेढीने भाड्याची सेवा निदान सहा महिने घ्यावी. सगळे मार्ग जुळून आले की मग ती ठेवावी की सोडावी याचा विचार करावा. व्यापारी संघ किंवा अनेकांची डोमेने सांभाळणारा संगणकवाला असेल, तर घरचे साधनच परवडते. मात्र ते चालविण्याची जबाबदारी एका माणसाच्या नावे लिहून ठेवावी आणि दुसऱ्यालाही शिकवावी.

साधन कोणतेही असो, ते फक्त पाहते, चोराला अडवीत नाही. अडविणारे कुलूप म्हणजे ‘रिजेक्ट’. पुष्कळ लोक ‘नन’ लिहितात, तक्ते पाहतात आणि तिथेच थांबतात. दार उघडे ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करावी, तसे हे होते.

उलट, घाईने ‘रिजेक्ट’ केले तर आपलीच बिले परत जातील. बिल पाठविणारे सॉफ्टवेअर, वेबसाइटचा चौकशी अर्ज, जाहिरातीची पत्रे धाडणारी सेवा हे सर्व आपल्या नावाने लिहीत असतात आणि आपल्याला त्यांची आठवणही नसते. म्हणून निदान एक पूर्ण महिना, महिनाअखेरच्या बिलांसह, अहवाल पाहावेत. राहिलेले मार्ग एसपीएफ आणि डीकेआयएममध्ये जोडावेत. मग ‘क्वारंटाइन’, त्यानंतर ‘रिजेक्ट’. कुणी आपले पत्र पुढे पाठविले की एसपीएफ जुळत नाही. तिथे डीकेआयएमची मोहोर कामी येते, म्हणून ती चुकवू नये. ज्या डोमेनवरून आपण पत्रच पाठवीत नाही, त्याला मात्र पहिल्याच दिवशी ‘रिजेक्ट’ लावावे.

हे उपाय कुठे अपुरे पडतात, तेही ध्यानात ठेवावे. एक अक्षर बदलून आपल्यासारखे दिसणारे दुसरे डोमेन कुणी घेतले, तर डीमार्क त्याला अडवू शकत नाही. आपल्या पेटीचा पासवर्डच चोरीला गेला तरीही नाही. जीमेलच्या पत्त्यावरून धंदा करणाऱ्यांना तर ही कुलपे स्वतः लावताच येत नाहीत. त्यांनी आधी स्वतःचे डोमेन घ्यावे.

म्हणून शेवटचा पहारा माणसाचाच. कुराण शरीफमध्ये सूरह हुजुरातने खबर आली की आधी खात्री करून घेण्याची शिकवण दिली आहे. गिऱ्हाइकाला आजच कळवून ठेवावे की, आमचे खाते बदलले असे पत्र आले तर जुन्या, माहितीच्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय एक पैसाही भरू नका. आपणही माल पुरविणाऱ्यांशी असेच वागावे. फसवणूक झालीच तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि बँकेला कळवावे. जितक्या लवकर कळेल तितकी रक्कम अडविण्याची शक्यता अधिक. गिऱ्हाइकाचा विश्वास ही आपल्याकडची अमानत आहे. तिच्यासाठी आठवड्याची पंधरा मिनिटे काढणे जड नाही.