शेंगेच्या वाट्याचा चुना

भुईमुगाचं झाड हिरवंगार असलं तरी मातीतली शेंग उपाशी असू शकते. मुळांनी उचललेलं कॅल्शियम पाण्याच्या ओढीबरोबर पानांत चढतं आणि तिथेच राहतं. खाली उतरून शेंगेपर्यंत येत नाही. फुलातून निघालेली आरी जमिनीत शिरली की तिच्या टोकाची शेंग आपला वाटा भोवतालच्या मातीतून, थेट टरफलातून घेते. ब्लेडसो, कोमार आणि हॅरिस या अमेरिकी संशोधकांनी किरणोत्सारी कॅल्शियम वापरून 1949 साली हे दाखवून दिलं. भुईमुगाला चुना आणि जिप्सम देण्याचं सगळं कसब या एका गोष्टीवर उभं आहे. पोचट शेंगांचं कारण त्यातून कळतंच, पण बुरशीजन्य रोगांचंही बरंचसं कळतं.

कोकणातली जांभी माती घ्या. धो धो पावसात तिच्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन जातं, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं. अशा जमिनीचा सामू (पीएच) साडेपाचच्या खाली गेला की विरघळलेलं ॲल्युमिनियम मुळांची टोकं खुरटवतं. शेंगेचं नुकसान आणखी वेगळं. पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियममुळे घट्ट होतं. कॅल्शियम कमी पडलं की टरफल कच्चं राहतं आणि पिथियम, रायझोक्टोनिया या बुरशींना आत शिरायला वाट मिळते. व्हर्जिनियात 1960च्या दशकात गॅरेन यांनी जिप्सम भरपूर प्रमाणात देऊन शेंगकूज कमी झाल्याचं नोंदवलं. हॅलॉक यांच्याबरोबर त्यांनी पुढे पोटॅश आणि मॅग्नेशियमचाही हिशेब मांडला. ही दोन्ही द्रव्यं शेंगेजवळ जास्त झाली तर कॅल्शियमची वाट अडवतात. पोटॅश पेरणीनंतर वरून फेकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

खोडकुजीची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. ती करणारी बुरशी स्क्लेरोशियम रोल्फसाय. फ्लोरिडात रोल्फ्स यांनी 1892 साली ती टोमॅटोवर पाहिली, तिच्या नावात त्यांचंच नाव आहे. जमिनीलगत खोडावर पांढरी जाळी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले की ओळख पटते. तिला आम्ल माती मानवते. तिची वाढ सामू 3 ते 5च्या दरम्यान उत्तम होते आणि 7च्या वर त्या दाण्यांचं रुजणं मंदावतं. एवढं वाचून कुणीही म्हणेल, चुना टाका, रोग गेला. मग सामू आठच्या आसपास असलेल्या काळ्या जमिनीतही खोडकूज का येते?

कारण ही बुरशी आपलं आम्ल स्वतःच तयार करते. तिनं सोडलेलं ऑक्झॅलिक आम्ल खोडाच्या पेशीभिंतीतलं कॅल्शियम पकडून काढून घेतं आणि त्या जागेचा सामू खाली आणतं. सैल झालेलं पेक्टिन मग तिची विकरं फोडतात, कारण ती आम्लातच जोमानं काम करतात. म्हणजे शेताचा सामू काहीही असो, खोडाजवळ ती आपल्या सोयीचा सामू करून घेते. म्हणून चुन्याला मी खोडकुजीवरचं औषध म्हणणार नाही. आम्ल जमिनीत तिला आयती मिळणारी सवलत चुना काढून घेतो, इतकंच, आणि तेही थोडं नाही.

चुना आणि जिप्सम यांची गल्लत फार महाग पडते. दोन्हींत कॅल्शियम आहे, पण आम्लता मारतो तो चुना. जिप्सम सामू जवळजवळ हलवत नाही. चुना पाण्यात नाममात्र विरघळतो, म्हणून तो पेरणीच्या काही महिने आधी मातीत मिसळावा लागतो. जिप्सम लिटरभर पाण्यात दोन ग्रॅमहून जास्त विरघळतं, म्हणून ते ऐन गरजेला उपयोगी पडतं. महाराष्ट्रात हेक्टरी 400 किलो जिप्समची शिफारस आहे, निम्मं पेरणीला आणि निम्मं आऱ्या सुटताना. दुसरा हप्ता झाडांच्या ओळीलगत, जिथे शेंगा धरणार तिथेच पडला पाहिजे. चुन्यानं आम्लता मारण्याचं ज्ञान जुनं आहे. व्हर्जिनियाच्या एडमंड रफिन यांनी शिंपल्यांच्या जुन्या थरांतली चुनखडी आम्ल शेतांत टाकून 1832 साली त्यावर पुस्तक लिहिलं. ती चुनखडी खणून वाहून नेणारे हात गुलामांचे होते, हेही त्या इतिहासात लिहिलं गेलं पाहिजे.

बाकी काम नांगराचं आणि कोळप्याचं. या बुरशीला हवा लागते, म्हणून खोल नांगरटीनं तिचे दाणे नि काडीकचरा गाडला की ती दबते. जॉर्जियात बॉयल यांनी 1950च्या दशकात आग्रह धरला की कोळपताना खोडावर माती चढू देऊ नये. मातीखाली कुजणारी पानं म्हणजे तिची पहिली शिदोरी. आपल्याकडे आऱ्या मातीत जाव्यात म्हणून पिकावरून रिकामा ड्रम फिरवतात. खोडकुजीचा इतिहास असलेल्या शेतात तो फिरवण्याआधी मी दोनदा विचार करीन. आणि माती तपासायला द्यायची तर शेंगा पोसतात त्या वरच्या आठ-दहा सेंटिमीटरचा नमुना वेगळा काढावा. नेहमीच्या खोल नमुन्यात शेंगेभोवतीच्या मातीतलं कॅल्शियम नेमकं दिसत नाही.