तरुणांतील मुखकर्करोग आणि किरणोपचार

डोके व मान यांच्या कर्करोगांत जीभ, गाल, घसा, स्वरयंत्र अशा अवयवांचे कर्करोग येतात. त्यांवरील किरणोपचाराला आपल्याकडे बोलीभाषेत ‘शेक देणे’ म्हणतात. शब्द सोपा आहे, पण फसवा आहे. शेक म्हटला की उष्णता आली, आणि ती किती हे नववीचा विद्यार्थीही काढू शकेल. किरणांची मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. १ ग्रे म्हणजे दर किलोग्रॅम ऊतीमागे १ ज्यूल ऊर्जा. संपूर्ण उपचारात गाठीला साधारण ७० ग्रे मिळतात. पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ४२०० धरली, तर ही सारी मात्रा एकदम दिली तरी तापमान वाढेल ते एका अंशाच्या साठाव्या भागाने! पेशी मरते ती उष्णतेने नव्हे, तर तिच्या केंद्रकातील डीएनएचे दोन्ही धागे तुटल्यामुळे.

धागे निरोगी पेशींचेही तुटतात. मग त्या वाचतात कशा? पॅरिसमध्ये क्लॉड रेगो यांनी १९२० च्या दशकात मेंढ्यांच्या वृषणांवर प्रयोग केले. एकाच मोठ्या मात्रेत वृषणातील शुक्रपेशी नष्ट करायला जावे तर वरची कातडी करपत असे; तीच मात्रा अनेक दिवसांत विभागून दिली की कातडी बचावे आणि काम होई. त्यांचे सहकारी आंरी कुटार यांनी हे तत्त्व घशाच्या कर्करोगाला लावले. आजही रोज २ ग्रे, आठवड्यातून ५ दिवस, अशी ३५ सत्रे म्हणजे ७ आठवडे ही रूढ पद्धत आहे. मधल्या तासांत निरोगी पेशी आपली दुरुस्ती करून घेतात.

पण गाठही स्वस्थ बसत नाही. सुमारे चौथ्या आठवड्यानंतर तिच्यातील उरलेल्या पेशी अधिक वेगाने विभाजित होऊ लागतात. तेव्हापासून रोजच्या २ ग्रेपैकी सुमारे ०.६ ग्रे नुसती ही वाढ थोपवण्यात खर्च होतात, असा अंदाज आहे. म्हणून उपचार आठवडाभर लांबला, तर गाठ आटोक्यात येण्याची शक्यता १० ते १५ टक्क्यांनी घटू शकते. उलट बाजूचा पुरावाही आहे. आठवड्यात ५ ऐवजी ६ सत्रे देऊन तोच उपचार लवकर संपवला, तेव्हा ५ वर्षांनी रोग आटोक्यात राहिलेल्यांचे प्रमाण डेन्मार्कमध्ये (२००३) ६० वरून ७० टक्के झाले. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने विकसनशील देशांत केलेल्या चाचणीत (२०१०) ते ३० वरून ४२ टक्के झाले.

तरुण रुग्णाचा प्रश्न इथे सुरू होतो. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड सोलवटते, घास गिळवत नाही. घरचा कमावता माणूस असेल तर रजा संपलेली असते, रोजगार बुडत असतो. ‘चार दिवस गावी जाऊन येतो’ असे तो म्हणतो, आणि नेमके हेच चार दिवस सर्वांत महाग पडतात. माझ्या मते यंत्र कोणते, यापेक्षा हे दिवस न चुकणे जास्त मोलाचे आहे.

तरुणांतील कर्करोग मुळातच अधिक उग्र असतो का? पूर्वीच्या काही लहान अहवालांनी ‘हो’ म्हटले होते. पण रोगाची अवस्था, जागा व उपचार सारखे असलेल्या तरुण-वृद्धांच्या जोड्या लावून पाहिल्या, तेव्हा बहुतेक अभ्यासांत फरक फारसा उरला नाही. येथे एक सांख्यिकीय सापळाही आहे. एकूण जगण्याचे प्रमाण पाहिले तर तरुण सरस दिसणारच, कारण वृद्ध रुग्ण हृदयविकारासारख्या इतर कारणांनीही दगावतात. तुलना करायची ती केवळ या कर्करोगाने झालेल्या मृत्यूंची. वयाचा स्पष्ट फरक दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. किरणांसोबत सिस्प्लॅटिनसारखे औषध दिल्यास ५ वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ६.५ टक्क्यांनी वाढते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात (२००९) आढळले. हा लाभ वयाबरोबर घटत जातो आणि सत्तरीनंतर जवळजवळ दिसतच नाही.

बरे झाल्यावरचा हिशेबही निराळा. ‘५ वर्षे’ हा मापदंड पस्तिशीच्या माणसाला अपुरा आहे. त्याला पुढची तीस वर्षे काढायची असतात. लाळग्रंथींवर किरण पडले की तोंड कोरडे राहते. सतत बोलणाऱ्या शिक्षकाला याचा अर्थ सांगायला नको. ब्रिटनमधील चाचणीत (२०११) किरणांची तीव्रता जागोजागी बदलून कानाजवळील लाळग्रंथी वाचवल्या, तेव्हा वर्षभरानंतर तोंडाला त्रासदायक कोरड असलेल्यांचे प्रमाण ७४ वरून ३८ टक्क्यांवर आले. लाळ कमी झाली की दात भराभर किडतात. किरण घेतलेल्या जबड्यातला दात पुढे काढावा लागला, तर हाड भरून न येता कुजू शकते. म्हणून किडके दात उपचारापूर्वीच काढतात. थायरॉइडचे कार्य काही वर्षांनीही मंदावू शकते, त्यासाठी दर ६ ते १२ महिन्यांनी रक्ततपासणी लागते. जबडा आखडू नये म्हणून तोंड उघडण्याचा व्यायाम रोज करावा लागतो. आपली तीन बोटे उभी धरून दातांच्या मधे जातात का, एवढे रुग्णाला आरशासमोर घरीच पाहता येते.