विचारून झाल्यावर

१९८७ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्री’त जॉन कॉक्स, जेनिफर होल्डन आणि रूथ सॅगोव्हस्की यांनी दहा प्रश्नांचा एक कागद छापला. एडिंबरा मोजपट्टी या नावाने तो पुढे जगभर गेला. बाळंतिणीने गेले सात दिवस कसे गेले ते आठवायचं आणि प्रत्येक प्रश्नाखालच्या चार उत्तरांपैकी एकावर खूण करायची. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण ३०. बेरीज १२-१३च्या पुढे गेली की नैराश्याची शंका घ्यायची. सगळं मिळून पाचेक मिनिटांचं काम.

या कागदात काय विचारलं आहे, यापेक्षा काय वगळलं आहे ते मला जास्त हुशारीचं वाटतं. नैराश्य मोजायच्या त्या काळातल्या प्रश्नावल्यांत थकवा, भूक, वजन, झोप यांना बरीच जागा असे. तान्ह्या बाळाची कुठली आई थकलेली नसते? त्या चाळणीत झाडून सगळ्या आया अडकल्या असत्या. या तिघांनी शरीराच्या तक्रारी बाजूला काढल्या. हसू येतं का, पुढच्या दिवसांची ओढ वाटते का, चूक नसताना स्वतःला बोल लावता का, कारण नसताना धास्ती वाटते का, असं विचारलं. झोपेचा एकच प्रश्न ठेवला, तोही मन उदास असल्यामुळे झोप लागत नाही का, असा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराचा. त्याचं उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज काहीही आलं, तर बेरीज कितीही कमी असो, त्या बाईशी त्याच दिवशी बोलायचं, हा दंडक आजही पाळतात.

त्याआधी काहीच नव्हतं असं नाही. लुई-व्हिक्तॉर मार्से या फ्रेंच डॉक्टराने १८५८ मध्ये गरोदर आणि बाळंत बायकांच्या वेडावर जाडजूड ग्रंथ लिहिला. पण त्याने पाहिल्या त्या बहुतेक वेड्यांच्या इस्पितळात पोचलेल्या बायका. हजारी एक-दोन बाळंतिणींना होणारा तो भयंकर आजार, ज्यात भास होतात, भान सुटतं आणि तातडीने इस्पितळ गाठावं लागतं, तो वैद्यकाला ठाऊक होता. बाळ झाल्यावर आठवडाभरात येणारी आणि आपसूक जाणारी रडवेली अवस्थाही सुईणींना ठाऊक होती. या दोन टोकांच्या मधे, घरातच बसून, भाकऱ्या थापत, बाळाला पाजत महिनोन्‌महिने आतून विझत गेलेल्या बाईकडे १९६८ पर्यंत फारसं कोणी मोजदादीच्या नजरेने पाहिलं नव्हतं. त्या वर्षी लंडनमध्ये ब्राइस पिट यांनी तसं पाहिलं, तेव्हा दहांत एक बाई या अवस्थेत सापडली.

मग एक सोयीचं मत रुजलं. हा आजार एकट्या राहणाऱ्या पाश्चात्त्य बायकांचा. जिथे बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर पडू देत नाहीत, तेल लावून शेकतात, डिंक-अळिवाचे लाडू खाऊ घालतात, तिथे तो होत नसणार. ग्वेन स्टर्न आणि लॉरेन्स क्रकमन या मानवशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये हे नीट मांडलं आणि आपल्याकडच्या अनेकांना ते ऐकायला गोड वाटलं. खरं म्हणजे कॉक्स यांनी त्याआधीच युगांडात काम करताना तिथल्या आयांमध्येही हे नैराश्य पाहिलं होतं. एडिंबऱ्याच्या कागदामागे कम्पालाचा अनुभव होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

कागद गाजला. त्याच मंडळींचं दोन वर्षांनंतरचं काम तेवढं गाजलं नाही. १९८९ मध्ये होल्डन आणि सहकाऱ्यांनी नैराश्य असलेल्या ५० आया निवडल्या. निम्म्यांकडे हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरोघर जाणाऱ्या परिचारिका, आठवड्यातून एकदा अर्धा तास अशा आठ वेळा गेल्या. उपदेश करायचा नाही, मधे तोडायचं नाही, ऐकायचं, एवढंच त्यांना शिकवलं होतं. तीन महिन्यांनी या गटातल्या ६९ टक्के बायका सावरल्या होत्या. नेहमीचीच देखभाल मिळालेल्या गटात ३८ टक्के. पन्नास बायका म्हणजे फार नव्हेत. तरी पुढच्या चाळीस वर्षांची दिशा मला या छोट्या प्रयोगात दिसते. कारण विचारणं सोपं होतं. विचारून झाल्यावर पुढच्या आठवड्यात पुन्हा दारात कोण उभं राहणार, हे अवघड होतं. ब्रिटनची राष्ट्रीय तपासणी समिती सरसकट सगळ्या आयांना हा कागद भरायला लावण्याच्या बाजूची कधी नव्हती, ती याच सावधपणाने: नसलेल्या आजाराचा शिक्का बसेल आणि असलेल्याला उपचार मिळतीलच असं नाही. २००७ मध्ये तिथल्या मार्गदर्शिकेने दोनच सुटसुटीत प्रश्न सुचवले आणि जोडीला तिसरा, की याबद्दल तुम्हाला मदत हवी आहे का? हा तिसरा प्रश्न मला फार सभ्य वाटतो.

आता गोवा. म्हापशाच्या आझिलो हॉस्पिटलात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आलेल्या २७० बायकांशी विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसोझा यांच्या गटाने बोलणं सुरू केलं आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. एडिंबऱ्याचे दहा प्रश्न कोकणीत आले. २००२ साली निष्कर्ष छापून आले: सहा ते आठ आठवड्यांच्या भेटीत २३ टक्के आयांना नैराश्य होतं. लंडनच्या दुप्पट. सव्वा महिन्याच्या घरबंदीची आणि लाडवांची सगळी पुण्याई जमेस धरून. त्यांतल्या निम्म्याहून जास्त बायका सहा महिन्यांनीही तशाच होत्या.

कारणांची यादी वाचताना मात्र इस्पितळाचा वास जातो आणि घराचा येतो. पैशाची ओढाताण. नवऱ्याशी न पटणं, त्याची मारहाण. आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी. त्याच वर्षी तमिळनाडूतल्या ग्रामीण बायकांचा अभ्यास आला. तिथे प्रमाण कमी, ११ टक्के, पण कारणं जवळपास तीच: गरिबी, नकोशी मुलगी, सासूशी आणि स्वतःच्या आईवडिलांशीही बिनसलेलं, हाताखाली कोणी नसणं. ज्या एकत्र घराच्या भरवशावर आपण या आजाराला परका ठरवला होता, ते घरच आजाराच्या कारणांत निघालं. पुढे २०१७ मध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांची आणि वीस हजारांवर आयांची एकत्र बेरीज झाली, तेव्हा आकडा २२ टक्के आला. गोव्याच्या आकड्याला अपवाद म्हणून झटकायची सोय उरली नाही.

त्या गोव्याच्या अभ्यासातली आणखी एक ओळ अनेकांनी घाईत ओलांडली. नैराश्य आढळलेल्या बायकांपैकी ७८ टक्के गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. म्हणजे बाळंतपणाची वाट बघायची गरज नव्हती. ही ओळ पुढे उपचारात उतरली: रावळपिंडीच्या एका सरकारी इस्पितळात चिंतेने ग्रासलेल्या गरोदर बायकांना मानसशास्त्राच्या पदवीधर मुलींनी काही बैठकांत मदत केली, आणि २०२४ मध्ये छापलेल्या निकालानुसार बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी त्यांच्यात नैराश्याचं प्रमाण १२ टक्के होतं, मदत न मिळालेल्यांत ४१.

रावळपिंडीचं नाव इथे दुसऱ्यांदा यायला हवं, खरं तर आधी. अतिफ रहमान यांनी तिथल्या ग्रामीण भागात उभा केलेला ‘थिंकिंग हेल्दी’ हा कार्यक्रम २००८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. डॉक्टर नाही, मानसोपचारतज्ज्ञ नाही. गावातल्याच ‘लेडी हेल्थ वर्कर’, आपल्या आशाताईंच्या थोरल्या बहिणी म्हणाव्या अशा. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचं होईपर्यंत सोळा भेटी. नैराश्य, मन, आजार हे शब्द दारात उच्चारायचे नाहीत. बाळ चांगलं वाढावं म्हणून आलोय, असं सांगायचं. सासू बाहेर काढत नाही, उलट चहा ठेवते आणि स्वतःही येऊन बसते. मग चित्रं दाखवून, ‘माझ्याने काहीच होत नाही’ या विचाराची गाठ हळूहळू सोडवायची. ९०३ आयांपैकी ज्यांना या भेटी मिळाल्या, त्यांच्यात सहा महिन्यांनी २३ टक्केच नैराश्यात होत्या. ज्यांच्याकडे कार्यकर्ती नुसतीच जाऊन आली, त्यांच्यात ५३ टक्के. बाळांचं वजन-उंची मात्र फारशी बदलली नाही. लसी जास्त टोचल्या गेल्या, जुलाब कमी झाले, आईबाप बाळाशी जास्त खेळू लागले. गोव्यात आईचं नैराश्य आणि बाळाची खुंटलेली वाढ यांचं नातं दिसलं होतं. त्यामुळे आई सावरली की बाळ आपोआप बाळसं धरेल, अशी आशा होती. ती तेवढी सरळ निघाली नाही. रहमान यांनी हे लपवलं नाही. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत पुस्तिका म्हणून सगळ्या देशांसाठी छापली.

‘थिंकिंग हेल्दी’च्याच सुमारास झारखंड-ओडिशात एक वेगळंच घडलं होतं. ‘एकजुट’ या संस्थेने आदिवासी गावांत बायकांच्या गटांच्या बैठका घेतल्या, विषय होता नवजात बाळांचे मृत्यू. मनाविषयी कोणी कार्यक्रम आखला नव्हता. बाळांचे मृत्यू तर घटलेच, पण तिसऱ्या वर्षात आयांमधलं मध्यम स्वरूपाचं नैराश्यही ५७ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. २०१०च्या या निकालाचा अर्थ तज्ज्ञ अजून लावताहेत. मला तो फार गूढ वाटत नाही. महिन्यातून एकदा घराबाहेर पडायला, आपलं बाळ गेलं ते चारचौघींत बोलायला आणि त्यावर काहीतरी करायला मिळणं, हाच उपचार ठरला असावा.

यश मिळालं की खर्च कमी करायचा मोह होतो. प्रशिक्षित कार्यकर्तीऐवजी शेजारचीच आई का नको? गोव्यात ‘संगत’ या संस्थेने अशा आयांना ‘सखी’ म्हणून तयार केलं. २०१९ मध्ये निकाल आला: २८० बायकांत सहा महिन्यांनी सावरलेल्या ७३ टक्के, सखी न मिळालेल्यांत ६१. फायदा आहे, पण लक्षणांच्या तीव्रतेत ठाम फरक दिसला नाही. रावळपिंडीतल्या जुळ्या प्रयोगात तर सहा महिन्यांना फरक सिद्धच झाला नाही. ‘सखी’ ही कल्पना गोंडस असल्याने अहवालांतून तिचं कौतुक जास्त आणि या आकड्यांची चर्चा कमी होते. माणूस बदलला की औषधाची मात्रा बदलते, एवढं तरी यातून मान्य करायला हरकत नसावी.

अमेरिकेची वाट वेगळी. तिथे २०१६ पासून सर्व गरोदर आणि बाळंत बायकांच्या तपासणीची शिफारस आहे, आणि औषधांतही नवं आलं: २०१९ मध्ये साठ तास शिरेतून द्यायचं ब्रेक्सानोलोन, किंमत तेव्हा ३४ हजार डॉलरच्या घरात, २०२३ मध्ये चौदा दिवसांच्या गोळ्या, झुरानोलोन. तीव्र आजारात औषध लागतंच आणि अंगावर पाजतानाही सर्ट्रालीनसारखी जुनी, स्वस्त गोळी डॉक्टर निवडू शकतात, हे आपल्या घराघरांत अजून कोणी सांगत नाही.

आपल्याकडे दारात जाणारी बाई आहे, आणि ती महाराष्ट्राची देणगी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं; १९९९च्या ‘लॅन्सेट’मधल्या निकालाने ६२ टक्क्यांनी घटलेले मृत्यू दाखवले, आणि २०११ पासून तोच नमुना देशभरच्या आशांच्या हाती आला. बाळंतपण दवाखान्यात झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. मोबदला २५० रुपये. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, घड्याळ. त्या भेटीच्या फॉर्ममध्ये आईबद्दलही विचारलेलं आहे: ताप, अंगावरून जाणं, दूध येतं का, झटके येतात का, असंबद्ध बोलते का. म्हणजे मार्सेच्या इस्पितळातली बाई फॉर्मला ओळखू येते. पिटच्या दहांतली एक येत नाही. २०१८ पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटींची भर पडली. म्हणजे अकरा वेळा एक ओळखीची बाई त्या घरात जाते. रावळपिंडीत सोळा वेळा जात होती. मन विचारायचं कामही तिच्यावरच टाकायचं तर मोबदला, प्रशिक्षण आणि मागे उभं राहणारं कोणी, हे तिन्ही आधी ठरवावं लागेल. आशांच्या मोर्च्यांत फिरलेल्या कोणालाही हे सांगायला नको.

वरच्या पायऱ्या अगदीच रिकाम्या नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये डॉ. प्रभा चंद्रा यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष सुरू झाला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा तोडायचं नाही, असं बजावलं. २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची फोनसेवा आहे, मराठीतही. पण रात्री दोनला घरातल्या एकमेव मोबाइलवरून, नवरा शेजारी झोपलेला असताना, कोण बोलणार?

तो शेजारी झोपलेला नवरा या चाळीस वर्षांत कोणाच्याच हाती लागलेला नाही. गोव्याच्या २००२च्या यादीत मारहाण ठळक होती. नंतरच्या बहुतेक कार्यक्रमांनी बाईचे विचार बदलायचे धडे बसवले आणि घरच्यांना, जमलं तर, एखाद्या बैठकीला बोलावलं. महाराष्ट्रात याला जोडता येईल अशी एक जागा मात्र तयार आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनी घरातली हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, पुढे तशी केंद्रं इतर सरकारी इस्पितळांतही निघाली. बाळंतिणींची तपासणी जेव्हा केव्हा राज्यभर सुरू होईल, तेव्हा जास्त गुण आलेल्या बाईचा कागद मानसोपचार विभागाइतकाच ‘दिलासा’च्या टेबलावरही जायला हवा. अनेक ठिकाणी प्रसूती कक्षापासून ती खोली एखाद-दोन मजल्यांवरच आहे.