नोकरी सांगितल्यासारखी निघाली नाही तर?

बियाण्याची पिशवी आपण खालच्या बाजूने फोडतो. वरचा टॅग आणि लेबल शाबूत ठेवतो. दुकानदाराचे पक्के बिल कपाटात जाते, आणि जाणता शेतकरी मूठभर बियाणेही पिशवीत राखून ठेवतो. उगवण झाली नाही तर पाहणीला येणारे साहेब पहिल्यांदा हेच मागणार, हे आपल्याला ठाऊक असते.

पण घरातल्या पोराला नोकरी लागली की आपण काय करतो? पेढे वाटतो, देवाला नारळ फोडतो, शिदोरी बांधून त्याला एस.टी.त बसवून देतो. कोणी सांगितले, कोणते काम सांगितले, पगार किती कबूल केला, याचा एक चिटोराही घरात नसतो. आणि मग आठ-पंधरा दिवसांनी चाकणहून, रांजणगावहून नाहीतर वाळूजहून रात्री फोन येतो, "आई, इथं सांगितलं तसं काहीच नाही गं."

असा फोन आज पुष्कळ घरांत येतो. कंपनीत सुपरवायझर म्हणून गेलेला मुलगा माल चढवतो-उतरवतो आहे, ऑफिसचे काम म्हणून गेलेली मुलगी दारोदार वस्तू विकते आहे. अशा वेळी काय करावे, याचा विचार फोन येण्याआधीच घरात झालेला बरा.

पहिल्या फोनला काय उत्तर द्याल?

या फोनला घरातून बहुधा दोनच उत्तरे जातात. आई म्हणते, "असाच्या असा निघून ये." वडील म्हणतात, "गप दिवस काढ. गावभर पेढे वाटलेत, आता काय तोंड दाखवू?" दोन्ही उत्तरे मायेपोटीच येतात, पण दोन्ही घाईची आहेत. पहिल्याने मिळू शकणारा पगार आणि अनुभव हातचा जातो. दुसऱ्याने पोराचे तोंड बंद होते, आणि पुढे खरेच संकट आले तरी तो घरी सांगत नाही. दोहोंत हे दुसरे अधिक वाईट.

त्याऐवजी शांतपणे चार गोष्टी विचारा. तू सुरक्षित आहेस ना? तुझी मूळ कागदपत्रे कोणाजवळ आहेत? परतीच्या भाड्याएवढे पैसे जवळ आहेत का? आणि काय सांगितले होते व काय निघाले? चौथ्याचे उत्तर त्याला वहीत दोन रकाने पाडून लिहून काढायला सांगा. लिहायला बसले की रागाचा भर ओसरतो आणि नेमका फरक कुठे आहे ते दिसू लागते.

फरक कसला आहे ते ओळखा

सगळे फरक सारखे नसतात. काही नुसत्या गैरसमजाचे असतात. काहींत दिलेला शब्द फिरवलेला असतो. आणि काही उघड फसवणुकीचे किंवा जिवाच्या धोक्याचे असतात. या तिघांवर औषध वेगवेगळे आहे.

गैरसमजाचे उदाहरण म्हणजे पगार. जाहिरातीत 'पगार १७,५००' असे असते आणि हातात तेरा हजारही पडत नाहीत. पोरगा म्हणतो, ठेकेदाराने पैसे खाल्ले. पण आधी हिशेब करू. समजा, खरा पगार १५,००० आहे. त्यावर मालकाला आपल्या पदरचे पी.एफ.चे १३ टक्के, म्हणजे १,९५० आणि ई.एस.आय.चे सव्वातीन टक्के, म्हणजे ४८८ रुपये भरावे लागतात. बेरीज १७,४३८ झाली. जाहिरात देणाऱ्याने कंपनीचा हा सगळा खर्चच पगार म्हणून छापला.

आता १५,००० मधून मुलाच्या वाट्याचा पी.एफ. १२ टक्के, म्हणजे १,८०० रुपये गेले. ई.एस.आय.चे पाऊण टक्क्याने ११३ गेले. व्यवसाय कराचे २०० गेले. हातात राहिले १२,८८७. यातून खोलीभाडे, खाणावळ आणि बसचे पैसे द्यायचे. जाहिरात दिशाभूल करणारी होती हे खरेच, पण ही कपात कायद्याने होणारी आहे. पी.एफ.चा पैसा मुलाच्या नावावर साठतो, आणि ई.एस.आय.मुळे त्याला व नियमांत बसणाऱ्या अवलंबून घरच्यांना दवाखान्याची सोय मिळते.

मात्र कापलेला पैसा खरोखर भरला जातो का, हे पाहिलेच पाहिजे. पी.एफ.साठी प्रत्येकाला एक कायमचा यू.ए.एन. क्रमांक मिळतो. त्यावरून मोबाईलवर पासबुक उघडते. पगारपत्रकात कपात आहे आणि दोन-तीन महिने झाले तरी पासबुकात जमा नाही, तर तो गैरसमज राहिला नाही. भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रार करावी.

शब्द फिरवला असेल तर

सगळ्यात जास्त तक्रारी असतात त्या 'कंपनी'च्या. पोरगा सांगतो मोठ्या कंपनीत लागलो, पण गेटपासवर नाव ठेकेदाराचे असते. ठेकेदाराकडचे काम बेकायदा नाही. फक्त आपला मालक कोण हे पहिल्या दिवशीच समजले पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांनुसार कामगाराला नेमणूकपत्र देणे मालकावर बंधनकारक आहे. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत झाला पाहिजे. ठेकेदाराने पगार बुडवला, तर तो देण्याची जबाबदारी ज्या कंपनीत काम केले तिच्यावर येते. म्हणून कंपनीचे नाव, ठेकेदाराचे नाव आणि हजेरी या तिन्हींची नोंद मुलाच्या स्वतःच्या वहीत हवी.

दुसरा प्रकार 'ट्रेनी'चा. नोकरी म्हणून बोलावतात आणि सही शिकाऊ उमेदवारीच्या करारावर घेतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली मिळते ते विद्यावेतन. तो पगार नव्हे. करारात तशी अट नसेल, तर मुदत संपल्यावर कायम करण्याचे बंधन मालकावर नसते. आय.टी.आय. झालेल्या मुलाला हे एक वर्ष हात बसवायला उपयोगी पडते, तेव्हा करार नाकारलाच पाहिजे असे नाही. पण नोकरी लागली असे समजून त्या भरवशावर ट्रॅक्टरचा हप्ता बांधून घेऊ नका.

तिसरा प्रकार कामाच्या तासांचा. आठ तास सांगून बारा तास उभे करतात. कारखान्यात आठवड्याच्या ४८ तासांवर काम झाले, तर त्या जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. मुलीला रात्रपाळी लावायची तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची तजवीज मालकाने करायची असते.

अशा वेळी मागणे कसे करावे? भांडून नव्हे आणि रडूनही नव्हे. पाळी सुटल्यावर साहेबाला एकट्याला गाठावे आणि दोनच वाक्यांत सांगावे, "साहेब, मला स्टोअरचे काम सांगितले होते, तो मेसेज माझ्याजवळ आहे. महिनाभर जे पडेल ते काम मी करीन, पण पुढच्या महिन्यापासून मला स्टोअरला घ्याल का, तेवढे सांगा." मग तेच चार ओळींत लिहून द्यावे, किंवा मोबाईलवर पाठवावे. उत्तराला मुदत असावी. पहिला पगार होईपर्यंतची मुदत बहुतेक ठिकाणी पुरते. कधी कधी साहेबाला आधीचा शब्द माहीतही नसतो, कारण तो मधल्या माणसाने दिलेला असतो.

या महिन्यात काम मनापासून करावे. हाताखाली काही शिकता येत असेल तर शिकून घ्यावे. सांगितलेल्यापेक्षा निराळे काम वाईटच असते असे नाही. मशीनवर बसायला गेलेला मुलगा मालाची तपासणी शिकला, तर पुढची नोकरी त्याला त्यावर मिळू शकते. पगार ठरल्याएवढा, काम सुरक्षित आणि शिकायला वाव असेल, तर थोडा फरक पोटात घालायला हरकत नाही.

या गोष्टी मात्र सोसू नका

पॅकिंगचे काम सांगून, काही न शिकवता प्रेस मशीनवर उभे केले, तर त्या क्षणी "मला हे येत नाही, आधी शिकवा" असे म्हणावे. पुणे पट्ट्यातल्या वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या छोट्या कारखान्यांत अशा यंत्रांखाली कितीतरी तरण्या पोरांची बोटे गेली आहेत. मशीनला संरक्षक जाळी किंवा सेन्सर नसेल, तर हात घालू नये. ई.एस.आय.चा क्रमांक पहिल्या दिवशीच मागून घ्यावा. कामावर दुखापत झाली, तर त्या नोंदीवर उपचार होतात आणि बरे होईपर्यंत सुमारे ९० टक्के मजुरी मिळते.

नोकरीसाठी डिपॉझिट, ट्रेनिंग फी किंवा युनिफॉर्मचे पैसे आधी मागणारा, आणखी चार पोरे आणलीस तरच पगार म्हणणारा, कोऱ्या कागदावर सही मागणारा, मोबाईल काढून घेणारा, यांच्याकडे एक दिवसही थांबू नये. दहावी-बारावीचे मूळ दाखले कोणालाही ठेवायला देऊ नयेत. मूळ दाखवावे, प्रत द्यावी. पैसे ऑनलाइन भरून बसला असाल, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितके लवकर कळवाल, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. कोंडून ठेवले असेल तर ११२.

परदेशाची वाट

घरापासून जितके लांब, तितके परतणे कठीण. २०२२ पासून थायलंडमध्ये संगणकाची नोकरी असे सांगून आपल्या देशातल्या तरुणांना म्यानमारच्या सीमेपलीकडे नेण्यात आले, आणि तिथे कोंडून लोकांना ऑनलाइन फसवण्याचे काम त्यांच्याकडून करून घेतले गेले. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा पाचशेहून अधिक भारतीयांना दोन दिवसांत परत आणले. ही शिकली-सवरलेली, संगणक येणारी मुले होती.

म्हणून परदेशी पाठवणारा एजंट १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली नोंदलेला आहे का, ते सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आधी पाहा. नोंदलेल्या एजंटला ३०,००० रुपये आणि त्यावरचा कर, याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. टुरिस्ट व्हिसावर कामाला जायचे नाही. कराराची प्रत आणि पासपोर्टची प्रत घरात हवी. तिथे काम निराळे निघाले, तर आपल्या वकिलातीत संपर्क साधावा, आणि इकडे तुम्ही परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी.

सोडायचेच ठरले तर

मुदत संपली, उत्तर आले नाही, किंवा नकार आला, तर नोकरी सोडण्यात कमीपणा नाही. पण रात्रीतून गाशा गुंडाळून पळू नये. पळालेल्याचा पगार अडकतो आणि अनुभवाचा दाखलाही जातो. नेमणूकपत्रात किती दिवसांची पूर्वसूचना लिहिली आहे ते वाचावे, राजीनामा लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. नव्या वेतन संहितेप्रमाणे नोकरी सोडणाऱ्याचा राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो. तो बुडवला, तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तीन वर्षांच्या आत दावा करता येतो. वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कामगारांना आणि स्त्रियांना तिथे मोफत साहाय्य मिळते. त्यांचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. जमेल तर दुसरे काम हाताशी धरून मगच पहिले सोडावे, नाहीतर आगीतून फुफाट्यात पडायचे.

घरच्यांचे काम

पोर घरातून निघण्याआधी अर्धा तास काढा. जाहिरातीचे कात्रण किंवा मोबाईलवरचा संदेश, सांगणाऱ्याचे नाव व नंबर, कामाचे ठिकाण, कबूल केलेला पगार, एवढे एका वहीत उतरवून घ्या. त्या वहीत नेमणूकपत्राची प्रत ठेवा. खिशात परतीचे भाडे वेगळे बांधून द्या आणि सांगा, "हे खर्चायचे नाही."

आणि पेढे पहिला पगार झाल्यावर वाटा. आपल्या घाईच्या पेढ्यांनीच कित्येक पोरांच्या परतीची वाट बंद होते. गाव दोन दिवस बोलेल आणि तिसऱ्या दिवशी पेरणीला लागेल. पण घरी सांगायची लाज वाटून जो मुलगा वाईट जागी राहिला, त्याचे नुकसान कधी कधी आयुष्याला पुरते. त्याला निघतानाच एवढे सांगून ठेवा, "काम सांगितल्यासारखे निघाले तर उत्तम. नाही निघाले, तर पहिला फोन घरी कर. आम्ही रागावणार नाही."