मऊ झालेले ब्रेकचे पेडल व हवा काढण्याची रीत

नसरापूर–वेल्हे रस्त्यावरील विंझर व आसपासच्या गावांतून भात व भाजीपाला बाजारात नेण्यासाठी पुष्कळ शेतकरी पिकअप गाडीचा उपयोग करतात. कात्रजचा जुना घाट असो की पाबे घाट, भरलेली गाडी उतारावरून न्यावीच लागते. अशा वेळी ब्रेकचे पेडल स्पंजासारखे दबू लागले, तर चालकाच्या जिवावर बेतते. मालावर माणसे बसविलेली असल्यास (तशी बसविणे मुळात गैरच आहे) त्यांच्याही.

ह्या गाड्यांचे ब्रेक तेलाच्या दाबावर चालतात. पेडल दाबले म्हणजे मास्टर सिलिंडरमधील तेल नळ्यांतून चाकांपर्यंत दाब पोहोचविते. तेल दाबाखाली आकुंचन पावत नाही, हवा मात्र पावते. म्हणून नळीत हवेचा बुडबुडा शिरला, की पायाचा जोर बुडबुडा दाबण्यातच खर्ची पडतो.

तथापि प्रत्येक मऊ पेडलाचे कारण हवाच असते असे नाही. दोन-तीनदा दाबल्यावर पेडल वर येत असेल, तर मागील ड्रममधील लायनर झिजून अंतर वाढले असण्याचा संभव असतो. पाय दाबून धरला असता पेडल हळूहळू खाली जात असेल व बाहेर गळती दिसत नसेल, तर मास्टर सिलिंडरचे रबरी वॉशर निकामी झाले असे समजावे. तेथे हवा काढून उपयोग नाही. घाट उतरताना पेडल मऊ होते आणि गाडी थंड झाल्यावर पूर्ववत होते, हे लक्षण विशेष ध्यानात ठेवावे. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते, आणि वेल्हे भागात पावसाळाभर ओलाव्याची वाण नसते. डॉट ३ प्रतीचे नवे तेल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळत नाही. त्यात सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळले, की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. तापलेल्या ब्रेकमध्ये त्याची वाफ होते, व वाफही हवेप्रमाणेच दबते. अशा वेळी सर्व तेल बदलावे. अर्धा वापरलेला डबा पुढील वर्षासाठी ठेवणे ही खोटी काटकसर होय.

हवा काढण्यापूर्वी ती कोठून शिरली हे शोधावे. नळ्यांचे जोड व चाकांच्या आतील बाजू ओलसर आहेत काय, तेलाची पातळी का उतरली, हे न पाहता काढलेली हवा काही दिवसांत परत येते.

ह्या कामास दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना ठोकळे लावावेत. अनेक पिकअप गाड्यांत मागील ब्रेकचा दाब भारानुसार बदलणारी झडप असते. म्हणून मागचा भाग जॅकवर उचलू नये. टाकी झाकणावर लिहिलेल्या प्रतीच्या ताज्या तेलाने भरावी. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे, म्हणजे बहुधा मागील डावे चाक प्रथम घ्यावे; गाडीच्या पुस्तिकेत निराळा क्रम असल्यास तो पाळावा. निपल पुसून त्यावर पारदर्शक नळी बसवावी व तिचे टोक बाटलीतील तेलात बुडवावे. एकाने पेडल सावकाश दाबून धरावे. दुसऱ्याने पान्याने निपल किंचित सैल करावे. तेलाबरोबर बुडबुडे येतील. निपल आवळल्याचे सांगितल्यावरच पेडल सोडावे. आधी सोडल्यास हवा परत आत ओढली जाते. बुडबुडे थांबेपर्यंत असे करावे व मधूनमधून टाकीत तेल घालावे. टाकी रिकामी झाली, तर सारे काम पुन्हा आरंभावे लागते. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबू नये. सिलिंडरच्या न वापरलेल्या खरबरीत भागावर वॉशर फाटतात.

इंजिनचे तेल किंवा डिझेल ह्या यंत्रणेत थेंबभरही जाऊ देऊ नये. त्याने रबर फुगते. एबीएस असलेल्या काही गाड्यांत हवा काढण्यास कारखान्यातील उपकरण लागते, तर पुष्कळ ट्रॅक्टरांचे ब्रेक दांड्यांनी चालतात, त्यांना ही रीत लागू नाही.

शेवटी इंजिन चालू करून पेडल घट्ट लागते काय व मिनिटभर दाबून धरल्यास खाली जाते काय, हे पाहावे. नंतर रिकामी गाडी सपाट रस्त्यावर हळू चालवून ब्रेक लावून पाहावेत. बाटलीत जमलेले तेल टाकीत परत ओतू नये, की ओढ्यात वा विहिरीजवळ टाकू नये. ते गाडीवर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, कारण त्याने रंग जातो.