परसातल्या कोंबड्या आणि शेजारधर्म

पशुगणनेच्या दप्तरात कोंबडी मालकाच्या नावे नोंदली जाते, आणि सरकारी हिशेबाच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. परंतु कोकणातील एखाद्या वाडीत, नंदुरबार-पालघरकडील पाड्यावर किंवा देशावरच्या जुन्या आळीत या पक्ष्याचा दिनक्रम जो कोणी लक्षपूर्वक पाहील, त्याला असे आढळून येईल की रात्री ती ज्या घरच्या खुराड्यात कोंडली जाते त्या घराची ती असली, तरी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत ती साऱ्या वस्तीची असते. एकाच्या उकिरड्यावर ती उकरते, दुसऱ्याच्या ओसरीखालच्या धुळीत अंग घोळते, तिसऱ्याच्या गंजीत आडोसा शोधून अंडे घालते, चौथ्याच्या कोंबड्यापासून तिची संतती वाढते, आणि त्या संततीला ऊब मिळते ती कित्येकदा पाचव्याच घरच्या कोंबडीच्या पोटाखाली. इतक्या घरांच्या आधाराने जगणाऱ्या या प्राण्याच्या पालनाला आपण घरगुती जोडधंदा म्हणतो खरे. पण वास्तविक ती एक सामुदायिक वहिवाट आहे, आणि ती तशी मानली गेली तरच टिकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

ही वहिवाट काही लोप पावत चाललेली नाही. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातील कुक्कुट पक्ष्यांची संख्या सुमारे 85 कोटी भरली, त्यांपैकी जवळजवळ 32 कोटी पक्षी परसातले होते. आणि 2012 च्या गणनेशी ताडून पाहता परसातल्या पक्ष्यांत सुमारे 46 टक्क्यांची वाढ झाली होती, तर व्यापारी शेडमधल्या पक्ष्यांची वाढ पाच टक्क्यांपर्यंतही पोचली नव्हती.

या कोंबडीची वंशावळ आपल्याच अरण्यांशी निगडित आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज आग्नेय आशिया व हिमालयाच्या पायथ्याकडील तांबडा रानकोंबडा. पण 2008 साली स्वीडनमधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून असे निष्पन्न झाले की पाळीव कोंबड्यांच्या पायांना व कातडीला पिवळा वर्ण देणारे आनुवंशिक तत्त्व त्या पूर्वजाकडून आलेले नसून ते दक्षिण भारतातील राखी रानकोंबड्याकडून आलेले असावे. पहाटे सह्याद्रीच्या करवंदीच्या जाळ्यांतून ज्याची तुटक, कर्कश बांग ऐकू येते तोच हा पक्षी. जगभरच्या खुराड्यांतून फिरणाऱ्या पिवळ्या पायांच्या असंख्य कोंबड्यांत त्याचा अंश आहे, ही गोष्ट आपल्या डोंगराळ भागातल्या माणसांना कोणीतरी मुद्दाम सांगावी, असे मला नेहमी वाटते.

परसातल्या व्यवहाराचा खरा केंद्रबिंदू मात्र कोंबडा नव्हे, आणि अंडेही नव्हे. तो म्हणजे खुडूक बसलेली कोंबडी. बारा-पंधरा अंडी घालून झाली की गावठी कोंबडीच्या रक्तात प्रोलॅक्टिन नावाच्या द्रव्याचे प्रमाण वाढते, तिचे अंडी देणे थांबते, अंग तापते, पिसे फुलतात, जवळ जाणाऱ्यावर ती चोच उगारते आणि रिकाम्या जागेवरही ठाण मांडून बसते. अशा कोंबडीला डालग्यात किंवा फुटक्या घमेल्यात राख व पेंढा पसरून, दहा-बारा अंडी खाली घालून अंधाऱ्या कोपऱ्यात बसवतात. एकवीस दिवस ती बहुधा दिवसातून एकदाच उठते, घाईघाईने चार दाणे टिपते, पाणी पिते आणि परत येते. यंत्रात ज्यासाठी उष्णतेचा काटा साडेसदतीस अंशांच्या आसपास स्थिर ठेवावा लागतो आणि अंडी ठरावीक वेळाने फिरवावी लागतात, ते सारे ती केवळ पोटाच्या स्पर्शाने आणि चोचीने साधते. सातव्या-आठव्या दिवशी जाणती बाई रात्री विजेरीच्या उजेडासमोर एकेक अंडे धरून पाहते; ज्यात तांबड्या शिरांचे जाळे दिसते ते परत ठेवते आणि ज्यातून उजेड आरपार जातो ते बाजूला काढते. ढग गडगडले तर अंडी नासतात या समजुतीने डालग्यात लोखंडाचा तुकडा किंवा कोळसा ठेवण्याची रीत अनेक ठिकाणी आहे. तिने अपाय काही होत नाही, आणि त्या निमित्ताने अंड्यांकडे रोज एकवार नजर जाते एवढा लाभ तरी खचित होतो.

आता प्रत्येक घरची कोंबडी नेमकी हव्या त्या वेळी खुडूक होईल असे नसते. एकीजवळ अंडी साठलेली असतात आणि दुसरीजवळ उबवणारी कोंबडी असते, म्हणून मग कुंपणापलीकडून विचारणा होते, ‘‘वैनी, तुमची तांबडी खुडूक झालीया म्हणं, माझी आठ अंडी घालाल का तिच्याखाली?’’ आणि पलीकडून उत्तर येते, ‘‘आण की गं, पण ताजी आण; पाण्यात तरंगणारी नकोत.’’ निघालेली पिले पुढे निम्मी-निम्मी वाटून घेतली जातात. कोंबडीच वाट्याने सांभाळायला देणे, कोंबडा नसलेल्या घराने शेजारच्या कोंबड्यावर विसंबणे, उसनी नेलेली अंडी पुढच्या खेपेला फेडणे, सासरी जाणाऱ्या लेकीबरोबर एखादी तलंग पाठवणे, असे किती तरी लहान व्यवहार या एका पक्ष्याभोवती गुंफलेले आहेत. यांपैकी एकाचाही कागद होत नाही, साक्षीदार लागत नाही. आणि तरीही कोणाची किती पिले कोणाकडे आहेत याचा जमाखर्च बायकांच्या तोंडी अचूक असतो.

व्यापारी शेडमधली पांढरी लेगहॉर्न वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते आणि गावठी कोंबडी पन्नास-साठ, म्हणून हिला निकृष्ट ठरवणारे लोक हा उबवणीचा आणि संगोपनाचा काळ हिशेबातून सरळ वगळतात. वर्षाच्या तीन-चार खेपांमधला उरलेला वेळ ती आळसात घालवत नाही. पिले काढण्यात, त्यांना दाणा टिपायला शिकवण्यात आणि घारीची सावली दिसताच पंखाखाली घेण्यात घालवते. लेगहॉर्नच्या अंगातून पैदासकारांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने खुडूकपणा जवळजवळ नाहीसा केला, म्हणूनच तिची अंडी वाढली. पण त्याच कारणाने तिची संतती कायमची यंत्राच्या स्वाधीन झाली. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने तयार केलेली गिरिराज किंवा हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने विकसित केलेल्या वनराज आणि ग्रामप्रिया या जाती परसातल्या मोकळ्या जीवनाला मानवतात, वजनाने भरतात आणि अंडीही गावठीच्या दुपटीहून अधिक देतात. त्यांचा प्रसार व्हावा यात मला शंका नाही. मात्र त्याही सहसा खुडूक बसत नाहीत. ज्या वस्तीने सगळ्याच गावठी कोंबड्या विकून केवळ सुधारित पिले आणली, तिला प्रत्येक नव्या पिढीसाठी उबवणी केंद्राची वाट धरावी लागते. आणि ज्या शहाण्या बायांनी दोन-चार गावठी कोंबड्या मुद्दाम राखल्या, त्या गिरिराजची अंडी त्यांच्याखाली घालून घरच्या घरी पिले काढतात.

अंड्यांचा पैसा हा बहुतेक घरांत बाईचा पैसा असतो. धान्य आणि जनावर यांच्या विक्रीत पुरुषाचा शब्द चालतो. पण आठवडी बाजारात नेलेल्या डझनभर गावठी अंड्यांना दुकानातल्या पांढऱ्या अंड्यांपेक्षा जो चढा भाव मिळतो, त्यातून मीठमिरची, मुलाची वही, आजारपणातली गोळी कोणाकडे हात न पसरता येते. आषाढात, श्रावण लागण्यापूर्वी, कोंबड्यांना जो उठाव येतो त्या बेताने नर राखून ठेवणे हे तिच्याच नियोजनाचे फळ होय. दाणा विकत आणावा लागत नाही. कणी, कोंडा, खळ्यात सांडलेले धान्य, वाळवी, किडे आणि कोवळे गवत एवढ्यावर हा संसार चालतो, म्हणून जे हाती येते ते जवळजवळ सारे शिलकीतच पडते.

जेथे एवढा सहवास आहे तेथे तंटेही असणारच. जूनमध्ये भाताचा तरवा उगवून येत असता शेजारची कोंबडी त्यात शिरली, तर भल्या सालस घरांतही शब्दाने शब्द वाढतो. म्हणून पुष्कळ वाड्यांत पेरणी झाल्यापासून रोप जोम धरेपर्यंत कोंबड्या कोंडून ठेवण्याचा दंडक असतो आणि तो मोडणाऱ्याची कसूर सगळे मिळून दाखवून देतात. ओळखीसाठी पायात रंगीत चिंधी बांधतात. मुंगूस किंवा रानमांजर वस्तीत शिरल्याची पहिली आरोळी ज्या घरातून उठते ते घर स्वतःच्या कोंबड्यांसाठीच ओरडते असे नाही. हे अलिखित नियम मला फार मोलाचे वाटतात.

आणि हीच सामुदायिकता परसातल्या कोंबडीचा घातही करते. उन्हाळ्यात किंवा ऋतू पालटताना एका घरची कोंबडी मलूल होते, तोंड उघडून श्वास घेते, हिरवट शिट टाकते, पंख लोंबतात, मान पिळवटते. आठ-दहा दिवसांत अर्धी वस्ती रिकामी होते. खेड्यात या साथीला मानमोडी म्हणतात. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आणि जावा बेटात 1926 साली ती प्रथम नोंदली गेली, आणि लवकरच कुमाऊँमधील राणीखेत येथे आढळल्यामुळे आपल्याकडे ती राणीखेत या नावाने रूढ झाली. विष्ठेतून, श्वासातून, पादत्राणांना लागलेल्या घाणीतून आणि बाजारातून आणलेल्या नव्या पक्ष्यातून तिचा विषाणू पसरतो; आणि साथीची चाहूल लागताच, मरण्यापूर्वी चार पैसे तरी हाती यावेत म्हणून माणसे कोंबड्या घाईने बाजारात नेतात, तेव्हा रोग दहा गावांना वाटला जातो. त्यांच्या गरिबीला दोष देता येत नाही, पण हा मार्ग सर्वनाशाचा आहे हे सांगितलेच पाहिजे.

या रोगावर उपचार नाही. लस मात्र आहे, आणि ती फार जुनी व स्वस्त आहे. पिलाला पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटा लशीचा एक थेंब, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली टोचण्याची लस, एवढे केले तरी मोठा विध्वंस टळतो. मग ती परसात का पोचत नाही? कारण या लशीची लहानात लहान कुपीही सामान्यतः शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांना पुरेल एवढी असते. ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा पाण्यात कालवली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. ज्या बाईकडे दहा कोंबड्या आहेत तिने ती आणावी कशी, आणि उरलेले नव्वद थेंब ओतून द्यावेत तरी कसे? एकट्या घराला न परवडणारी ही वस्तू दहा घरांनी मिळून घेतली तर मात्र अगदी अल्प खर्चाची ठरते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या पीटर स्प्रॅडब्रो यांनी उष्णता सहन करणारी लस खास खेड्यांतील कोंबड्यांसाठी सिद्ध केली, आणि मोझांबिक, टांझानियासारख्या देशांत ती वापरली गेली. पण तेथेही ती दर चार महिन्यांनी, ठरलेल्या दिवशी, साऱ्या गावाला एकदम द्यावी लागते. एका घराने टाळाटाळ केली तर त्याच्या कोंबड्या त्याच उकिरड्यावर सर्वांत मिसळतात.

बर्ड फ्लूची गोष्ट वेगळी. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे तो भारतात प्रथम आढळला तेव्हा शेडमधल्या पक्ष्यांबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही नष्ट कराव्या लागल्या, आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील खेड्यांवर तोच प्रसंग आला. पुढे 2008 साली पश्चिम बंगालमध्ये साथ पसरली तेव्हा अनेकांनी आपले पक्षी पथकांपासून लपवले. तो अपराध खराच. परंतु मोबदला कोंबडीच्या मांसाचा मिळतो, तिच्या पुढच्या पिलांचा आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या शेजारच्या अंड्यांचा मिळत नाही, ही गोष्ट बंदोबस्त करणाऱ्यांनी ध्यानात घेतली असती तर लोकांशी बोलण्याची भाषा निराळी झाली असती.

ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत त्यांना म्हणून एवढेच आग्रहाने विनवावेसे वाटते: होळीपूर्वी आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास वस्तीतल्या सगळ्या घरांच्या कोंबड्या एकत्र मोजाव्यात, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा गावच्या पशुसखीमार्फत तेवढ्या लशीची तजवीज करावी, आणि पहाटे खुराडी उघडण्यापूर्वी एकाच दिवशी प्रत्येक घरची प्रत्येक कोंबडी धरून तिला लस द्यावी. आजारी पक्ष्यांना ती देऊन उपयोग होत नाही. ती साथ येण्याआधीच द्यावी लागते. मेलेला पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता चुना घालून खोल पुरावा, आणि बाजारातून आणलेली नवी कोंबडी दोन आठवडे तरी इतरांपासून वेगळी ठेवावी.